एक 'प' जास्तीचा

डब्यावर काय लिहिलंय तेच मुकुंदरावांना लागेना, आणि ही काही साधीसुधी गोष्ट नव्हे. कुंभकोणम् मधल्या एका छापखान्यात ज्या माणसानं अडतीस वर्षं मुद्रितं तपासली, लग्नपत्रिकांतल्या नवरदेवांची नावं मांडवात जाण्याआधी सुधारली, पंचांगातली तिथी न् तिथी भिंगाखालून काढली, त्या माणसाला स्वतःच्या घरच्या फ्रीजमधल्या डब्यावरचा एवढासा शब्द वाचता येऊ नये?

"सोर्पे," त्यांनी वाचलं. मग, "चोर्बे." मग चष्मा पुसून, "शोर्पे?"

आता ह्यात त्यांचा तरी काय दोष! शब्द तमिळ लिपीत लिहिलेला. तमिळीत स, श, च एकाच अक्षरावर भागवतात, प आणि ब यांनाही एकच अक्षर. वाचणाऱ्यानं आपलं आपण ओळखायचं. तंजावरकडच्या मराठी घरांत तीन-तीनशे वर्षं मराठी बोलतात, पण देवनागरी लिहिणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. घरातली मराठी लिहायची तीसुद्धा तमिळ अक्षरांतच. शब्द ओळखीचा असेल तर वाचताना काही अडत नाही. नसेल तर मात्र बसा डोकं खाजवत.

"सुष्मिता! अग्गो, हें काय लिहिलीस?"

सुष्मिता न्हाणीतून केस झटकत आली. एकतीस वर्षांची, चेन्नईच्या एका मोठ्या हॉटेलात गोड पदार्थ करते. काल रात्रीच्या बसनं मांडीवर थर्मोकोलची पेटी घेऊन ती आली होती, आणि सकाळी आल्या आल्या आधी पेटीतला डबा बर्फाच्या कप्प्यात ठेवून मग वडिलांना नमस्कार केला होता.

"सोर्बे, अप्पा. नन्नारीच्या मुळांचें सोर्बे. चार वाजतां विष्णु आणि त्याची अम्मा येतील ना, त्यांस द्यायला. फोडूनको आतांच."

"इंग्रजींत शेवटीं ट आहे कीं नाही?"

"लिहितात ट. म्हणत नाहीत."

"म्हणत नाहीत तर लिहितात कशास?" मुकुंदराव चिडलेच. अडतीस वर्षं लोकांची अक्षरं सांभाळण्यात गेली. वापरायचंच नाही असं अक्षर शब्दाच्या शेपटाला बांधून ठेवणारी माणसं त्यांना आवडणं शक्यच नव्हतं.

पण खरं सांगायचं तर त्या ट चं त्यांना काहीच पडलं नव्हतं. चार वाजता येणाऱ्या माणसांना काय सांगायचं, ह्यानं त्यांचं डोकं आठ दिवस फिरलं होतं. विष्णुवर्धन पोरीनं स्वतः निवडलेला. मुलगा आपल्यातलाच, चेन्नईत इंजिनिअर. आई वसंताबाई गोविंदपुरम् ला राहणाऱ्या, भजनाला कधी न चुकणाऱ्या. स्थळात खोट काढायला जागा नव्हती. खोट होती ती आपल्याकडे, असं मुकुंदरावांचं म्हणणं. सुष्मिताला सर्पदोष होता.

ही गोष्ट त्यांना कुणा ज्योतिषानं सांगितलेली नव्हती. सांगितली होती बायकोनं, मीनाक्षीबाईंनी, आणि तीही मेल्यावर. बारा वर्षांपूर्वी त्या गेल्या. तेराव्यानंतर कपाट आवरताना जुनी पंचांगं निघाली. मीनाक्षीबाईंना पंचांगाच्या समासात टिपणं करायची सवय: गॅस कधी आला, दूधवाला कधी आला नाही, कुणाचं बारसं. सुष्मिता पाच वर्षांची होती त्या सालच्या पंचांगात, आडी महिन्याच्या पानावर, बारीक तमिळ अक्षरांत एक मराठी ओळ होती: सुष्मिता सर्पदोष. देणें नक्को.

देणें नक्को! म्हणजे मुलगी कुणाला देऊ नका. आईच्या हातचं हे वाक्य. मुकुंदरावांनी ते किती वेळा वाचलं असेल त्याला गणती नाही. तिची पत्रिका घेऊन ते ज्योतिषाकडे गेले. त्याला काही सापडेना, तेव्हा तो म्हणाला, जन्मवेळ चुकली असेल. आईनं लिहिलंय तर असेलच की, असंही वर म्हणाला. झालं! तेव्हापासून दर साली तिरुनागेश्वरच्या देवळात राहूला दूध. आणि स्थळ आलं की आधी दोषाची गोष्ट, कारण लपवाछपवी त्यांच्या रक्तात नव्हती. आठ वर्षांपूर्वी कल्याणराम नावाचा मुलगा पाहून गेला. सुष्मिताला तो मनापासून आवडला होता, दोघं फोनवर तास-तास बोलत. मुकुंदरावांनी दोषाचं सांगितलं आणि त्या लोकांनी पुन्हा फोन उचलला नाही. चार वर्षांपूर्वी दुसरं स्थळ, तेही तसंच गेलं. त्यानंतर सुष्मितानं स्थळं दाखवूच नका म्हणून सांगितलं होतं.

आणि आज हा विष्णुवर्धन. पोरगी हसत होती, केसांत मोगरा माळणार होती, आणि बाप घड्याळाकडे बघत होता.

"अप्पा," डबा पुन्हा आत ठेवता ठेवता सुष्मिता म्हणाली, "तुम्ही त्यांस सांगणार ना? तें?"

"सांगावें लागेल कीं."

"विष्णूस मीं सांगटलें. तो म्हणाला, मज कांही नाही. पण अम्मास तुम्हीच सांगा म्हणाला. ती मानते असलें सगळें. ती नाही म्हणाली तर तो तिजविरुद्ध जाणार नाही, अप्पा. तिला तो एकटाच." तिचा आवाज थोडा हलला. "नक्को सांगूं. एकदां. माझ्याकरतां."

मुकुंदरावांनी फ्रीजकडे पाहिलं. काय बोलणार? हो म्हणावं तर गेलेल्या बायकोशी खोटं, नाही म्हणावं तर समोर उभ्या पोरीच्या गळ्यावर सुरी. माणसाला बोलता येईनासं झालं की तो भलतंच काहीतरी विचारतो. त्यांनी विचारलं, "हें सोर्बे म्हणजे प्यायचें कीं खायचें?"

सुष्मितानं डोळे पुसले. वडिलांचा स्वभाव तिला पाठ होता. "चमच्यानें खायचें. पण मुळांत प्यायचें."

"हें काय बोलणें झालें?"

"खरेंच. हॉटेलांत शिकवलें आम्हांस. तुमचा मोठा कोश काढा, त्यांत पण असेल."

छापखान्यानं निवृत्तीच्या वेळी दिलेला जाडजूड इंग्रजी कोश मुकुंदरावांनी खाली काढला. शब्द सापडला, पण त्यानं गोंधळ मिटायच्या ऐवजी वाढलाच. एका शब्दाच्या पोटात इतकी गावं! फ्रेंचांनी तो इटलीकडून घेतला, इटलीवाल्यांनी तुर्कांकडून, तुर्कांनी फारशीतून, फारशीत आला अरबीतून. आणि अरबीत त्याच्या मुळाशी काय, तर पिणं. नुसतं पिणं. साधं पाणी पिण्यालासुद्धा तोच धातू. तुर्कांचं होतं गोड, गार पेय. इटलीत पोचेपर्यंत त्याचं बर्फ होऊ लागलं, फ्रेंचांनी वाटी-चमचा दिला. पिता पिता खायचं कधी झालं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

"आणि हें बघ!" मुकुंदरावांचं बोट एका ओळीवर थांबलं. "शराब. शराब पण ह्याच मुळाचा! अय्यो, वसंताबाई एकादशी करणाऱ्या. त्यांच्यापुढें मीं शराबेची बहीण ठेवूं?"

"औषधाचें सिरप पण त्याच मुळाचें, अप्पा. तें तर तुम्ही रोज घेतां, दोन दोन चमचे."

मुकुंदरावांनी कोश मिटला. ते खुर्चीत बसले. एका शब्दाला धरून बसावं, तर तो हातात दुसराच निघतो. त्याला पलटावं, तर तिसरा. मग माणसानं लिहिलेलं वाचायचं तरी कशाच्या भरवशावर?

"मज नीट सांग. क्रमानें."

सुष्मिता त्यांच्या शेजारी खाली बसली. सकाळचं वर्तमानपत्र ओढून तिनं कडेच्या कोऱ्या जागेत लिहायला सुरुवात केली, अर्थात तमिळ अक्षरांत. वर सोर्बे. त्याखाली सोर्बेत्तो. त्याखाली शेर्बेत. "आणि सगळ्यांत खालीं आपलें. तळ्याकांठीं गाडीवर मिळतें तें." तिनं चौथा शब्द लिहिला आणि पेन ठेवलं. "सर्बत्."

मुकुंदरावांनी पाहिलं.

त्यांनी पुन्हा पाहिलं. स. र् . ब, म्हणजे प. त्. हा शब्द ते बारा वर्षं ओळखत होते. दुसरं काहीतरी म्हणून ओळखत होते.

"काय झालें, अप्पा?"

"हें... हें पुढें दोष लिही."

"काय?"

"लिही म्हणतों ना! सर्बत् लिहिलीस, त्याला लागून दोष लिही."

तिनं लिहिलं. आणि बापलेक दोघंही त्या शब्दाकडे बघत राहिले, ते एक वाचत, ती दुसरंच. आता वाचकहो, ही भानगड सांगायलाच हवी. तमिळीत सर्प आणि दोष हे शब्द जोडले की मध्ये आपोआप एक त् येऊन बसतो. म्हणजे सर्पदोष लिहायचा तर सर्पत्-दोष असा लिहायचा. आणि सर्बत्-दोषही तसाच लिहायचा. फरक फक्त एका प चा: साप लिहिताना शिकलेला माणूस प ला जोड देतो, दोन प लिहितो, नाहीतर लोक ब वाचतील. मीनाक्षीबाई आठवी शिकलेल्या. त्या जोड देतील न देतील, कुणी सांगावं!

मुकुंदराव उठले. देवघराच्या फळीवर, कापडात गुंडाळून ठेवलेलं ते पंचांग त्यांनी काढलं. बारा वर्षांत त्यांनी ते कुणाला दाखवलं नव्हतं, सुष्मितालाही नाही. आईनं असं लिहिलेलं पोरीनं कशाला वाचायचं, म्हणून. आता त्यांनी ते तिच्या मांडीवर ठेवलं.

सुष्मितानं आधी आईच्या अक्षरावरून हात फिरवला. मग वाचलं. "सर्पच आहे हो, अप्पा," ती हळूच म्हणाली. तिचा चेहरा उतरला. "दोन प आहेत."

"आहेत ना? मज पण तेंच ठाऊक." एक सुटल्यासारखं आणि एक बुडाल्यासारखं, दोन्ही त्यांना एकदमच वाटलं. पोरीच्या नशिबाला दोष आहे, आणि आपण बरोबर वाचलं, ह्यात नक्की कशाला धरून रडावं?

"पण हा दुसरा प लाल कां?"

"काय?"

"सगळें निळें आहे. हा एकच प लाल. वर बारीक. आणि खालीं हें असें टोपीसारखें काय काढलेंय?"

मुकुंदरावांनी भिंग मागितलं. भिंगाची गरज नव्हती. ती टोपी त्यांनी आयुष्यात लाखभर वेळा काढली असेल. दोन अक्षरांच्या मध्ये, खालून, अमुक अक्षर इथे घाला म्हणून. मीनाक्षीबाईंना असली खूण माहीत असायचं कारण नव्हतं. घरात लाल पेन्सिल एकाच माणसाच्या खिशात असे.

त्यांना ते आठवेना, हीच तर कमाल. केव्हा केलं? तेराव्यानंतरच्या त्या दिवसांत, रडून डोळे सुजलेले, हातात पंचांग. पंचांगात दोष म्हटलं की तो ग्रहांचाच, दुसरा कसला असणार? आणि बायकोचं शुद्धलेखन कच्चं, ते काय आजचं! हात आपोआप खिशात गेला असेल. चूक दिसली की दुरुस्त करायची. मग पुढची बारा वर्षं आपणच घातलेलं अक्षर तिचं म्हणून वाचत बसायचं.

"अम्मानें मज कधीं सर्बत् पिऊं दिलें नाही," सुष्मिता म्हणाली. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. "तळ्यापाशीं सगळी पोरें प्यायची. एकदां शेजारच्या शांतम्म्याच्या पोरीनें मज आपला पेला दिला, तर अम्मानें हातांतून हिसकला, सगळ्यांसमोर. मज वाटायचें, आपल्यास परवडत नाही."

"तूं पांच वर्षांची असतां तुज ओकाऱ्या झाल्या. ताप. हें मागच्या पानावर आहे," मुकुंदराव पुटपुटले. "मज वाटलें, दोषामुळें."

"दोषामुळेंच कीं! सर्बताच्या." तिचा आवाज चढला. "अप्पा, अम्मा त्यानंतर चौदा वर्षें होती. चौदा वर्षांत मज एकदां तरी तिरुनागेश्वरला नेलें तिनें? एकदां तरी दूध ओतलें?"

नव्हतं नेलं. हे त्यांना कसं सुचलं नाही? घरी रामनवमीला गुळाचं पेय करायचं, त्याला म्हणायचं पानक. सरबत हा शब्दच घरात कुणी बोलत नसे, तो रस्त्यावरचा. देणें नक्को. पोरीला रस्त्यावरचं सरबत देऊ नका! एवढं एक साधं, आईचं वाक्य. पण लगेच दुसऱ्या बाजूनं शंका उठली. आपल्याला आता तसं वाचायचं आहे म्हणून तर तसं दिसत नाही ना? तेव्हा साप बघायचा होता, साप दिसला; आज सरबत हवं आहे, सरबत दिसतंय. विचारणार कुणाला? जी लिहून गेली ती गेली.

"पण तिनें सर्पच म्हटलें असेल तर?"

सुष्मितानं पंचांग मिटलं. खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला. चारला अजून वीस मिनिटं होती.

वसंताबाई जिना चढून आल्या त्या घामाघूम होऊनच. ठेंगण्या, नऊवारी सावरत. मागून विष्णुवर्धन, फळांची पिशवी घेऊन, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. पाणी झालं, पंख्याखाली बसणं झालं, तिरुविसनल्लूर गावच्या कुणाची तरी ओळख निघाली. सुष्मितानं वाट्यांतून सोर्बे आणलं. वसंताबाईंनी चमचा तोंडात घालून डोळे मिटले. "नन्नारी!" त्या म्हणाल्या. "पण खायची! ऐकलें नव्हतें बाई असलें." मग वाटी खाली ठेवून त्यांनी सरळच विचारलं, "मुकुंदराव, विष्णु म्हणतो तुम्हांस मज कांही सांगायचें आहे. सांगून टाका. मज मनांत ठेवून बसायला येत नाही."

सुष्मिता दाराशी उभी होती. तिनं डोळे मिटून घेतले.

मुकुंदरावांनी पंचांग घेतलं, ते पान उघडलं, आणि आपला अंगठा त्या लाल प वर दाबून धरला. "बाई, मज एवढें वाचून दाखवा," ते म्हणाले. "माझ्या बायकोचें अक्षर आहे. मीं कांही सांगत नाही. तुम्हांस जें दिसेल तें वाचा."

वसंताबाईंनी चष्मा चढवला. वाकून बघितलं. त्या म्हणाल्या, "सुष्मिता," आणि थांबल्या.

"सुष्मिता सर्बत् दोष. देणें नक्को." त्यांनी मान वर केली. "सर्बत् बाधतें होय तुज? अग बाई, मग तूं खाऊनको हें! आमच्या विष्णूस पण लहानपणीं बाधायचें, मीं असेंच लिहून भिंतीस चिकटवलेलें. त्यांत कसलें सांगायचें, मुकुंदराव? घाबरवलेंत मज."

एवढं सोपं! एका बाईनं लिहिलं आणि दुसऱ्या बाईनं वाचलं, मध्ये काही अडलं नाही. विष्णुवर्धननं सुस्कारा सोडला, सुष्मितानं डोळे उघडले. इथंच थांबता आलं असतं. पंचांग मिटायचं, हसायचं, वाटी पुढे करायची. कुणाला काही कळलं नसतं.

मुकुंदरावांनी अंगठा उचलला.

वसंताबाईंना तो लाल प दिसला. त्यांनी पुन्हा वाचलं, ह्या वेळी ओठ हलवत, आवाज न करता. आणि त्यांच्या कपाळावर आठी आली. "हें कोणी घातलें?"

"मीं." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. कल्याणरामाच्या घरच्यांना फोन आपण केला तो, दुसऱ्या स्थळाला पत्र लिहिलं ते, राहूचं दूध, सगळं. सांगता सांगता ते वसंताबाईंकडे बघायचे थांबले आणि लेकीकडे वळले. "माझें चुकलें, पोरी. दोष तुझ्यांत कधींच नव्हता. मींच घातला. माझ्या हातानें."

'असूं द्या, अप्पा,' असं सुष्मिता म्हणाली नाही. "होय, चुकलें," ती म्हणाली. "आठ वर्षें मीं आरशांत बघून विचारत होतें, माझ्यांत काय आहे असें." आणि ती रडायला लागली. कल्याणराम गेला तेव्हाही ती वडिलांसमोर रडली नव्हती. विष्णुवर्धन उठून तिच्याजवळ जाऊन उभा राहिला, आणि मुकुंदराव आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत, कुठे बघावं ते न कळून बसून राहिले. तिनं रागवावं हे त्यांना हवंच होतं. पण ते इतकं लागेल असं वाटलं नव्हतं.

पदरानं नाक पुसून वसंताबाई खाकरल्या. "झालें तें झालें म्हणायला मीं कोण? तें तुमचें तुम्ही बघा. मज मुलगी आवडली आहे." त्या भिंतीकडे वळल्या, जिथे ह्या सालचं पंचांग खिळ्याला लटकलं होतं. "आवणी महिन्यांत मुहूर्त कुठला तें काढा पाहूं, मुकुंदराव. तुम्ही तर ह्यांतलेच."

मुकुंदराव उठले. पंचांग खिळ्यावरून काढलं. आवणीचं पान त्यांना न बघता सापडलं असतं, पण त्यांनी ते उघडलं नाही. ते दाराशी गेले, आणि लाल डोळ्यांनी आपल्याकडे बघणाऱ्या लेकीच्या हातात ते पंचांग दिलं.

"तूं वाच," ते म्हणाले. "मीं ऐकतों."